निमोण्याला वळसा

हॅलो… हॅलो… मागं येतोय का आवाज? येणारच, सेट माझाच आहे.

आजच्या या निरोप समारंभाचं अध्यक्षस्थान भूषवणारे, आमच्या नकाशा-शर्यतीच्या संघाचे कर्णधार, आदरणीय हौसराव आप्पा. त्यांच्या उजव्या हाताला बसलेले, निमोण्याहून वेळात वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे ज्योतिबा आबा. आबांच्या शेजारी पदर सावरून बसलेल्या, आपल्या न्हावऱ्याची लेक आणि आप्पांची थोरली बहीण, आमच्या दगडाबाई आत्या. आमच्या संघाच्या अनसाबाई, ज्यांना व्यासपीठावर बसा म्हटलं तर म्हणाल्या मला खालीच बरं वाटतंय. बँकेचे नवे साहेब, ज्यांच्याशी उद्यापासून आपली गाठ आहे. आणि ज्यांच्यासाठी हा सगळा मांडव घातला त्या सत्कारमूर्ती स्नेहल वानखडे मॅडम. तसेच समोर जमलेल्या माता-भगिनी, बंधू, आणि अगदी मागं, भाषणापेक्षा मसालेभाताच्या वासाकडं ज्यांचं जास्त ध्यान आहे ती तमाम मंडळी. सर्वांना या बाळासोचा मनापासून नमस्कार.

मला दोन शब्द बोला असं सांगितलंय. गावातल्या प्रत्येक लग्नात, वाढदिवसात मी दुसऱ्यांची नावं पुकारत आलोय. आज पहिल्यांदा कुणीतरी माझं नाव पुकारलं. आता मी लवकर खाली बसेन अशी अपेक्षा कुणी ठेवली असेल, तर ती चूक तुमची आहे.

मॅडम तीन-साडेतीन वर्षांपूर्वी अकोल्याकडनं बदली होऊन आपल्या गावातल्या बँकेत आल्या. बँकेतलं त्यांचं काम किती चांगलं होतं हे आधीच्या वक्त्यांनी सांगितलंच आहे, त्यामुळे मी ते सोडून देतो. मी बोलणार आहे ते रविवारच्या मॅडमबद्दल. रविवारी ही बाई पायात बूट घालून, गळ्यात होकायंत्र अडकवून आपल्या माळरानात हिंडायची. गावाला वाटलं, कर्जवसुली आता रानात जाऊन करतात की काय! दोघं-तिघं तर ओढ्यात लपले होते. नावं घेत नाही, ते समोरच बसलेत.

मग कळलं की हा एक खेळ आहे. त्याचं इंग्रजी नाव मोठं आहे, ओरिएंटियरिंग. माझी जीभ त्यात दोनदा अडकते, म्हणून आम्ही त्याला नकाशाची शर्यत म्हणतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दरवर्षी हिवाळ्यात शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या रानात, घोड नदीपासून भीमेपर्यंत, आयोजक झेंड्या लपवतात. कुठं टेकडीच्या माथ्यावर, कुठं ओढ्याच्या बाकात, कुठं पडक्या विहिरीच्या काठाला. सकाळी हातात नकाशा देतात. सूर्य बुडायच्या आत जमतील तेवढ्या झेंड्या गाठायच्या आणि परत शाळेच्या पटांगणात यायचं. अवघड झेंडीला जास्त गुण. उशीर झाला की गुण कापतात. मोबाईल बंद, गाडी बंद, बाहेरच्या माणसाची मदत बंद, उभ्या पिकात पाय टाकणं बंद. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे संघातली चारही माणसं कायम बरोबर पाहिजेत. एक पुढं पळाला, एक चहाला थांबला, असं चालत नाही.

आता तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? मलाही तेच वाटलं होतं. पण मॅडम म्हणायच्या, ‘बाळासो, पळणं हा खेळच नाही. वाट निवडणं हा खेळ आहे.’ नकाशावर दोन झेंड्यांच्या मध्ये पट्टी ठेवून रेघ मारली की ती जवळची वाट दिसते. पण त्या रेघेवर टेकडी येते, ओढा येतो, काटवन येतं. मग टेकडी चढून आडवं जायचं, का पायथ्यानं वळसा घालायचा? कुठली झेंडी घ्यायची, कुठली सोडायची? सकाळी दहा मिनिटं जमिनीवर नकाशा पसरून जे ठरतं, त्यावर दिवस जिंकतो नाहीतर हरतो.

तर असा आमचा संघ झाला. वाट काढायला मॅडम. पाणी, गूळ-शेंगदाणे आणि घड्याळ सांभाळायला मी. तिसऱ्या अनसाबाई. या माऊलीचं वय विचारू नका, पण चालायला लागली की आम्हाला तिचं फक्त लुगडं दिसायचं, तेही लांब. तिला एकच खोड. कुठं पाथरीची, घोळाची भाजी दिसली की बसलीच. झेंडी राहिली बाजूला! एका वर्षी आम्ही सगळ्या संघांत एकमेव होतो, जे झेंड्यांबरोबर दोन वेळची भाजी घेऊन आले.

आणि चौथे, आजचे अध्यक्ष, हौसराव आप्पा. मॅडमनी शाळेच्या भिंतीला कागद लावला, ‘नकाशा वाचायला शिकायचंय का?’ त्या कागदाची खळ वाळायच्या आत आप्पा तिथं हजर! म्हणाले, ‘पयलं नाव माझं लिवा. आन् त्याच्याम्होरं कर्णधार लिवा.’ मॅडम म्हणाल्या, ‘आप्पा, अजून संघ झाला नाही.’ आप्पा म्हणाले, ‘संघ हुईल मागनं.’

साठी उलटलेला माणूस, ज्याला दुधाच्या डेअरीवर जायला पोराची मोटरसायकल लागते, तो या शर्यतीत का शिरला? हा प्रश्न मॅडमना पडला. आम्हाला नाही पडला, कारण अख्ख्या न्हावऱ्याला उत्तर माहीत होतं. आप्पा, तुमची परवानगी असेल तर सांगतो. मान हलवताय ती हो म्हणून का नाही म्हणून ते मला इथनं नीट दिसत नाही. मी हो धरतो.

दगडाबाई आत्या दिल्या निमोण्याला, ज्योतिबा आबांना. त्यांची मुलगी सोनम, म्हणजे आप्पांची एकुलती एक भाची. तिचं लग्न शिक्रापूरला होतं. कार्यालयं हायवेला, आणि त्या दिवशी तिथली ट्रॅफिक तुम्हाला सांगायला नको. कंटेनरच्या मागं कंटेनर. आप्पांची जीप हलेना. इकडं मुहूर्त जवळ आला. मामा म्हणजे मामा, त्यानं भाचीला मांडवात आणायचं असतं. आप्पांनी जीप सोडली आणि धोतराचा सोगा हातात धरून पळत निघाले. रस्त्याच्या दोन्ही अंगांना एक-एक कार्यालय. कमान सारखी, फुलं सारखी, सनई सारखी. आप्पा पहिल्या कमानीत शिरले.

मंडळी, तुम्ही सांगा, आपल्याकडं लग्नात आलेल्या वयस्कर माणसाला कुणी विचारतं का, तुम्ही कोणाकडचे? नाही विचारत! दोघं आले, त्यांनी आप्पांना फेटा बांधला. तिसऱ्यानं शाल घातली, नारळ दिला. चौथ्यानं पुढच्या कोचावर नेऊन बसवलं. आप्पांना मान मिळाला की आप्पा बाकी चौकशी करत नाहीत, हा त्यांचा स्वभाव आहे. ते बसले. एवढ्यात भटजी म्हणाले, ‘मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं.’ आप्पा उठले. दुसऱ्या कोचावरनं आणखी एक जण उठला. दोघं आत गेले. नवरीनं तोंड वर केलं आणि आप्पा ओरडले, ‘आरं, ही आमची सोनम न्हाई!’

तो दुसरा म्हणाला, ‘मंग तुम्ही कोण?’

आप्पा म्हणाले, ‘मी मामा.’

‘आवं पर कुणाचं?’

हसा, हसा. मॅडमसुद्धा हसतायत. पण पुढचं ऐका, म्हणजे हसू जाईल. आप्पा तसेच, डोक्यावर दुसऱ्यांचा फेटा घेऊन, हायवे ओलांडून पळत समोरच्या कार्यालयात आले. कमानीत पाय ठेवला आणि माईकवरनं ज्योतिबा आबांचा आवाज आला, ‘मामाला काय वाट घावली न्हाई. चुलतमामा, तुम्ही व्हा फुडं.’ सगळा मांडव हसला. आप्पांच्या डोळ्यांसमोर चुलतभावानं सोनमला आणलं. अक्षता पडल्या.  आप्पा तिथंच सगळ्यांसमोर म्हणाले, ‘आजपास्नं निमोण्याच्या शिवंत पाय ठिवला तर नावाचा हौसराव न्हाई.’

(त्या लग्नाला साउंड कुणाचा होता, हा तपशील आजच्या प्रसंगी गौण आहे.)

तेव्हापासून आप्पा निमोण्याला गेले नाहीत. भाऊबीज नाही, राखी नाही. सोनमची पोरगी आता शाळेत जाते, तिनं आईच्या मामाला पाहिलेलं नव्हतं. दगडाबाई आत्या माहेरी आल्या की आप्पा नेमके मळ्यात. आत्या ओसरीवर बसून, चहा घेऊन, भावजयीशी बोलून परत जायच्या. जाताना एस.टी.च्या खिडकीतनं मळ्याच्या दिशेनं बघायच्या, हे मी स्वतः स्टँडवर उभं राहून पाहिलंय. आणि आप्पांना पक्कं करून दाखवायचं होतं की मला वाट सापडते. म्हणून ते नकाशाच्या शर्यतीत आले.

पहिल्या वर्षी आम्ही दुसरे आलो. दुसऱ्या वर्षीही दुसरे. तिसऱ्या वर्षीही दुसरे! मॅडमना कळेना कुठं कमी पडतोय. कारण साधं होतं. निमोण्याच्या रानात दरवर्षी तीन-चार चांगल्या गुणांच्या झेंड्या असायच्या आणि आम्ही त्या घेतच नव्हतो. मॅडमनी त्या बाजूला बोट नेलं की आप्पा म्हणायचे, ‘तिकडं चिलारीचं काटं लई हायती.’ पुढच्या वर्षी, ‘तिकडं ओढ्याला पाणी आसंल.’ त्याच्या पुढच्या वर्षी, ‘तिकडची कुत्री वाईट हायती.’ मॅडम परक्या गावच्या, त्या विश्वास ठेवायच्या. आम्ही दोघं गप्प. कर्णधाराच्या विरोधात कोण बोलणार? जीप त्यांची होती.

पण शर्यतीत प्रत्येक संघाच्या पिशवीत एक यंत्र देतात. तुम्ही कुठनं कुठं गेलात ते त्यात उमटतं. तिसऱ्या वर्षी बक्षीस समारंभात आयोजकांना हुक्की आली. त्यांनी पडद्यावर आमच्या संघाच्या तिन्ही वर्षांच्या वाटा एकावर एक दाखवल्या. सगळीकडं रेघाच रेघा, आणि मध्ये एक मोठं भोक! त्या भोकात एकही रेघ नाही. आयोजक म्हणाले, ‘हा आकार कसला आहे बुवा? इथं तलाव आहे का?’ तेवढ्यात मागनं निमोण्याचा एक गडी उभा राहिला आणि म्हणाला, ‘आवं साहेब, तळं कुठलं? ही आमच्या गावची शीव हाय! म्हसोबाच्या दगडापाशी बाक हाय त्यो बी बरुबर आलाय!’

मंडळी, तलाठ्याच्या दप्तरात निमोण्याचा नकाशा नसेल इतका नेमका आमच्या आप्पांनी पायानं काढला होता. सभागृह हसून हसून वाकलं. फक्त मॅडम हसल्या नाहीत. येताना जीपमध्ये त्या अनसाबाईंच्या शेजारी बसल्या आणि हळूच विचारलं. अनसाबाईंनी सगळं सांगितलं, शिक्रापूरच्या फेट्यापासून ते एस.टी.च्या खिडकीपर्यंत. पुढं बसलेले आप्पा घोरत होते. निदान तसा आवाज काढत होते.

आता येते या वर्षीची शर्यत. त्याआधीच मॅडमच्या बदलीची बातमी आली होती. मॅडम कधी काही मागणाऱ्यातल्या नाहीत, पण त्या दिवशी सकाळी पटांगणात आम्हाला म्हणाल्या, ‘हे माझं इथलं शेवटचं वर्ष. जाताना एकदा पहिल्या नंबरची ढाल घेऊन जायची आहे. अकोल्याला बाबांना दाखवायचीय.’ त्यांच्या वडिलांनीच त्यांना लहानपणी होकायंत्र शिकवलेलं. आता वडील अंथरुणाला खिळलेले. आम्ही तिघांनी मान हलवली. अनसाबाई तर म्हणाल्या, ‘आज भाजीकडं बघत सुदिक न्हाई.’ आणि त्यांनी ते पाळलं. एकदाच बघितली, पण बसल्या नाहीत.

काय सांगू, त्या दिवशी आम्ही उडत होतो! दुपार कलेपर्यंत आमच्या झेंड्या सगळ्यांपेक्षा जास्त. भेटेल तो संघ आमच्याकडं बघून तोंड वाईट करायचा. एकच मोठी झेंडी राहिली, निमोण्याच्या पलीकडच्या पाझर तलावाची. ती घेतली आणि वेळेत परत आलो की ढाल आमची. आणि तिथं जायला सरळ वाट कुठनं? निमोण्यातनं.

आप्पा बांधावर बसले. ‘म्या शिवंत पाय ठिवणार न्हाई. तुम्ही जावा.’

मी म्हटलं, ‘आप्पा, चौघं बरोबर लागतात.’

‘मंग वळसा घाला.’

‘वेळ नाही, आप्पा!’

‘मंग ढाल ऱ्हाऊ द्या.’

मला असा राग आला होता, आप्पा, आज सांगतो, अध्यक्ष असाल तुम्ही! तीन वर्षं त्या पोरीनं जीव काढला आणि तुम्ही बांधावर मांडी घालून बसलात. मी तोंड उघडणार तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, ‘ठीक आहे. वळसा घालू. पण आप्पा, माझ्या नकाशावर गावाची शीव काढलेली नाही. ती फक्त तुम्हाला दिसते. तेव्हा हा टप्पा तुम्ही न्या.’ आणि गळ्यातलं होकायंत्र काढून त्यांनी आप्पांच्या गळ्यात घातलं.

कर्णधार असून आप्पांनी त्या दिवसापर्यंत नकाशा हातात धरला नव्हता. ते नुसतं लांबनं बोट दाखवायचे. पण होकायंत्र गळ्यात पडलं आणि छाती अशी फुगली की मला वाटलं आता शाल-नारळ मागतायत. त्यांनी नकाशा उलगडला. होकायंत्र तळहातावर घेतलं. सुईचं लाल टोक उत्तरेला असतं, हे शाळेतलं पोरगं सांगेल. आप्पांनी ते दक्षिणेला धरलं. आणि निघाले.

चारी बाजूंनी ऊस. डोक्याच्या वर. आम्ही मधल्या गाडीवाटेनं चाललोय, आणि एक वाट दुसरीसारखी. अनसाबाई म्हणाल्या, ‘आप्पा, ऊन तोंडावर यायला पायजेल हुतं. ते पाठीवर का लागतंय?’

आप्पा म्हणाले, ‘अनसाबाई, हातात यंत्र आसताना उनाचं काय घिऊन बसलाय?’

मी मॅडमकडं बघितलं. ही बाई अशी, की आपण वाटेवरनं चार पावलं वाकडं गेलो तरी मागनं हाक मारायची. त्या दिवशी काय करत होत्या? बुटाची नाडी बांधत होत्या. थोडं पुढं गेलो, पुन्हा बघितलं, पुन्हा नाडी. त्या नाडीला काय झालं होतं देव जाणे.

शेवटी ऊस संपला. समोर गोठा. दोन म्हशी. अंगणात तुरीचा ढीग. आणि त्या ढिगापुढं बसून शेंगा निवडणाऱ्या दगडाबाई आत्या.

आप्पा होकायंत्राकडं बघतायत. मग म्हशींकडं. मग पुन्हा होकायंत्राकडं. मग खाली स्वतःच्या पायांकडं बघून म्हणाले, ‘आयला, माझा पाय शिवंत पडला की!’

अनसाबाई म्हणाल्या, ‘शिवंत न्हाई, आप्पा. अंगणात पडलाय.’

आत्यांनी शेंगा तिथंच टाकल्या. उठल्या. मला वाटलं आता रडारड होणार, मी मनाची तयारी केली. पण आत्या एवढंच म्हणाल्या, ‘हौशा, उनात उभा ऱ्हाऊ नगंस. आत यी.’ साठी उलटलेल्या कर्णधाराला हौशा! आणि कर्णधार गेले की आत, मुकाट्यानं, पायातलं दारात काढून. मी ओरडलो, ‘आप्पा, नियम! बाहेरच्या माणसाची मदत घ्यायची नाही!’ आतनं आप्पांचा आवाज आला, ‘बहीण कवापास्नं भाईरची झाली रं?’

एवढ्यात ज्योतिबा आबा मळ्यातनं आले. दोघं समोरासमोर. आप्पा उठून उभे राहिले. ‘दाजी, आधी एक सांगा. माईकवरनं का बोलला?’

आबा म्हणाले, ‘कशाचं माईकवरनं? आरं, म्या आपला भटजीच्या कानात बोललो. त्यो माईक चालू हाय हे मला कुठं ठावं?’

आबा, बरोबर सांगतोय ना? मान हलवताय, म्हणजे बरोबर. त्या एका माईकपायी एवढी वर्षं! मग आबा आतल्या खोलीत गेले आणि ट्रंकेतनं एक गुलाबी फेटा काढून आणला. सोनमच्या लग्नातला मामाचा फेटा. घडीही मोडली नव्हती. डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. ‘तवा तुमच्या डोक्यावर जागा नव्हती,’ आबा म्हणाले, ‘दुसऱ्याचा हुता.’ मग मात्र आप्पा रडले. आणि आत्यासुद्धा. आणि मीही, मला काय लाज आहे सांगायला?

पुढं काय झालं ते काय सांगायचं? पिठलं झालं, भाकरी झाली, सोनमला फोन झाला. मी घड्याळ दाखवत होतो, मला भाकरी वाढत होते. निघताना आबा म्हणाले, ‘तळ्याकडं जवळची वाट सांगतो.’ तर आप्पा, गुलाबी फेटा बांधून, तोंडात बडीशेप टाकून म्हणतात कसे, ‘नगं दाजी. ते नियमात बसत न्हाई.’

पाझर तलावाची झेंडी राहिली. पटांगणात पोचलो तेव्हा दिवे लागले होते आणि आयोजक खुर्च्या गोळा करत होते. आम्ही काही लपवलं नाही, पिठल्यासकट सगळं सांगितलं. पाहुणचार मदतीत धरायचा का नाही यावर पंचांचं एकमत होईना. पण उशिराचे गुण इतके कापले की त्याची गरजच पडली नाही. आमच्या मागं एकच संघ होता, आणि त्यातल्या एकाचा पाय मुरगळला होता. ढाल दौंडच्या संघानं नेली.

आप्पा, आता जे सांगतोय ते तुम्हाला आज पहिल्यांदा कळणार आहे. तुम्ही गावभर सांगत फिरताय की माझ्या पायांनीच मला आक्काच्या दारात नेलं, देवाची इच्छा होती. त्या संध्याकाळी मी मॅडमना बाजूला घेऊन विचारलं, ‘मॅडम, आप्पांनी सुई उलटी धरली होती. तुम्हाला दिसलं नाही?’

मॅडम म्हणाल्या, ‘दिसलं.’

‘मग बोलला का नाही?’

त्यांनी ढालीकडं बघितलं. दौंडची पोरं ती डोक्यावर घेऊन नाचत होती. मग म्हणाल्या, ‘बोलले असते तर आप्पा वळले असते, बाळासो.’ एवढंच. आणि पिशवीत नकाशे भरायला लागल्या.

आप्पा, पाणी घ्या. कुणीतरी अध्यक्षांना पाणी द्या रे. आणि मॅडम, तुम्ही माझ्याकडं असं बघू नका. तुम्ही सांगितलं होतं कुणाला बोलू नका, हे खरं आहे. पण ज्याच्या हातात माईक आहे त्याला गुपित सांगायचंच कशाला?

आता शेवटाकडं येतो. मागनं ‘आवरा’ म्हणून खुणा होतायत, त्या मला दिसतायत. उद्या मॅडमची गाडी दौंडहून आहे. दौंडला सोडायला आप्पांचा पोरगा विक्रम जीप घेऊन जाणार. त्यानं आज सकाळी आप्पांना विचारलं, कुठनं जायचं? आता न्हावऱ्याहून दौंडची वाट शेंबडं पोरगंही सांगेल. पारगावचा पूल, चौफुला आणि दौंड. पण आप्पांनी मॅडमचा जुना नकाशा मागवला, जमिनीवर पसरला, चष्मा लावला आणि पेन्सिलीनं रेघ ओढली. न्हावरे ते निमोणे. निमोण्यातनं परत न्हावरे. मग दौंड.

मॅडम म्हणाल्या, ‘आप्पा, हे अगदी उलट्या दिशेला आहे.’

आप्पा म्हणाले, ‘तुमीच शिकवलं न्हवं, आधी झेंड्या ठरवायच्या, मंग वाट? आक्कानं तुमच्यासाठी कायबाय करून ठिवलंय. ती झेंडी सोडायची न्हाई.’ निमोण्याला वळसा घालून चालणारा हा माणूस आता निमोण्यासाठी वळसा घालतोय, मंडळी. मॅडम, ढाल तुम्हाला मिळाली नाही याचं आम्हाला वाईट वाटतं. फार वाईट वाटतं. पण अकोल्याला गेल्यावर बाबांच्या उशाशी बसून हे सगळं सांगा. होकायंत्र त्यांनी शिकवलं होतं, ते कुठं कामाला आलं हे त्यांना कळू द्या.

या कार्यक्रमासाठी मांडव घालणारे, स्वयंपाक करणारे, शाळेचं पटांगण देणारे आणि एवढा वेळ शांत बसणारे, सर्वांचे आभार. बोलण्याच्या भरात अध्यक्षांचा मान राखायचा राहिला असेल, पाहुण्यांचं घरातलं बाहेर आलं असेल, कुणाचं नाव घ्यायचं राहून गेलं असेल, तर ते सगळं माझ्या पदरात टाका आणि जेवायला बसा.

आणि मॅडम, एक शेवटचं. उद्या जीपमध्ये बसलात की होकायंत्र स्वतःच्या हातात ठेवा. ते आप्पांच्या हातात गेलं, तर दौंड काही यायचं नाही, गाडी चुकेल, आणि तुम्ही परवाही आमच्यातच असाल.

तेव्हा मॅडम, हात जोडून सांगतो, ते आप्पांकडंच द्या.